धागा: दवाखाना पंधरा मिनिटांवर असताना बाई घरीच बाळंत होते, असं काहून?

संत्रागल्ली
रविवार, रात्री ९.५०

नमस्कार. मी इथं बहुतेक वाचायलाच येते, धागा पहिल्यांदा काढून राहिली, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे धुणीभांड्याला येते ती, वय पंचवीस-सव्वीस, हिंगणा रोडच्या मागच्या वस्तीत राहते. तिसऱ्यांदा दिवस गेलेत, सातवा संपत आलाय. काल भांडी घासता घासता सहज म्हणे, या वेळी पण घरीच करीन ताई. मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. तिचं दुसरं पोरगं घरी झालं हे मला माहीतच नव्हतं. मेडिकल, मेयो, डागा ही मोठी सरकारी हॉस्पिटलं सगळी याच नागपूर शहरात, मिहानकडे एम्स झालं, तिच्या घरापासून जवळचा सरकारी दवाखाना ऑटोनं पंधरा मिनिटं, अन् ती घरी बाळंत झाली. मी जरा रागावलीच तिच्यावर. म्हटलं, अगं शिकलेली नसशील पण जिवाची काही काळजी? ती काही बोलली नाही. भांडी विसळून पालथी घातली, हात पुसले, अन् मग किचनच्या दारात खाली बसून बोलली.

पहिलं पोरगं दवाखान्यातच झालं होतं तिचं. कोणता दवाखाना ते मी लिहीत नाही. सासू सोबत होती, तिला दारातूनच परत पाठवलं. आत टेबलावर घेतलं, मधे पडदा नाही, शेजारच्या टेबलावर दुसरी बाई, झाडू मारणारा माणूस त्यातूनच ये-जा करत होता. कळा वाढल्या तशी ती ओरडली तर मांडीवर चापट मारली अन् जे बोलले ते मला इथं टाइप करायला जड जातंय, पण लिहिते, कारण तिनं ते सहा वर्षांनंतर शब्दन् शब्द सांगितलं: "तवा नाही वरडली, आता काहून वरडतं?" टाके घालताना सुन्न केलं नाही असं ती म्हणते. मुलगा झाला म्हणून बाहेर नवऱ्याकडून पैसे मागितले, त्यानं ज्याच्याकडे काम करतो त्याच्याकडून आणून दिले.

मग मला म्हणे, "घरी मरन आलं तं चार मानसं तं राहतील जवळ. तिथं तं मी एकटीच होती."

रात्रभर झोप नाही लागली मला. मी तिला अडाणी समजून बोलत होती अन् तिच्याकडे सहा वर्षांचा अनुभव होता. पण तरी मला वाटतं तिनं दवाखान्यात जावं, या वेळी तिचं रक्त पण कमी आहे असं आशाताईनं सांगितलंय. कोणाला अनुभव असेल, यातलं काम करत असाल, तर सांगा. तिला काय म्हणू? अन् असं अजून किती जणींचं असेल?


अजनी_एक्सप्रेस
रविवार, रात्री १०.२५

ताई तुमची तळमळ समजली पण एक विचारतो, राग मानू नका. जननी सुरक्षा योजना २००५ पासून आहे, डिलिव्हरी फुकट, वर पैसे पण मिळतात, अॅम्ब्युलन्स फुकट, आशाताई घरी येते. इतकं सगळं असताना बाई घरी थांबते म्हणजे कुठेतरी समजच कमी पडते ना? एका दवाखान्यात वाईट वागले तर दुसऱ्यात जायचं, या शहरात दवाखान्यांची काय कमी आहे. मी माझ्या बहिणीच्या वेळी सरकारीतच होतो, सगळं व्यवस्थित झालं.


नाईट_ड्युटी
सोमवार, पहाटे ५.१०

मी स्टाफ नर्स आहे, पंधरा वर्षं झाली, त्यातली बरीच वर्षं लेबर रूममध्ये. आत्ता ड्युटी संपत आली, चहा घेता घेता लिहितेय.

संत्रागल्ली ताई, तुमच्याकडच्या बाईनं सांगितलं ते खरं आहे. प्रत्येक ठिकाणी होतं असं नाही, पण होतं. मी स्वतः ऐकलंय ते वाक्य, अन् नवीन असताना मी गप्प बसली होती तेव्हा, ते मला अजून खातं.

अजनी दादा, तुम्ही बहिणीसोबत होता. दारात कोणीतरी शर्ट-पँट घातलेला, नीट बोलणारा माणूस उभा असला की आत बाईला वेगळी वागणूक मिळते. ज्या बाईचा नवरा बाहेर गेटजवळ उकिडवा बसून आहे तिला वेगळी. हे मी रोज बघते.

आम्हाला ट्रेनिंगमध्ये तीन उशीर शिकवतात. थॅडियस आणि मेन अशा दोघी अभ्यासक होत्या, त्यांनी १९९४ मध्ये मांडलं ते. पहिला उशीर घरात, म्हणजे जायचं की नाही हे ठरवण्यात. दुसरा रस्त्यात. तिसरा दवाखान्यात पोचल्यावर, म्हणजे डॉक्टर नाही, रक्त नाही, बेड नाही, पुढे घेऊन जा. लोक हे तीन वेगवेगळे समजतात पण बाईच्या डोक्यात ते एकच असतं. तिसरा उशीर जिनं एकदा भोगला ती पुढच्या बाळंतपणाला पहिल्या उशिरातच अडकते. घरी बसून विचार करते, तिथं जाऊन तरी काय होणार आहे.

आता दुसरी बाजू पण लिहिते, कारण तुमची बाई तिसरटकरी आहे अन् रक्त कमी आहे म्हणता. बाळ बाहेर आलं, वार पडली, सगळं नीट, अन् मग गर्भाशय आकसलंच नाही तर रक्त नळ सोडल्यासारखं जातं. अर्धा लिटर गेलं की आम्ही त्याला अतिरक्तस्राव म्हणतो अन् धावपळ सुरू करतो. अंगात आधीच रक्त कमी असलेल्या बाईला तेवढंही सोसत नाही. दोन तासांत बाई जाऊ शकते. बाळ झाल्याबरोबर एक मिनिटाच्या आत आम्ही ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतो, १० युनिट, मांडीत. साधं इंजेक्शन आहे. घरी ते नसतं. तिला भीती घालू नका, पण हे सांगा. तिला समजेल.


वीटभट्टी_शाळा
सोमवार, दुपारी १.४०

कामठी-कन्हानकडच्या वीटभट्ट्यांवर आम्ही चार जण मिळून मुलांना शिकवायला जातो, सहा सीझन झाले. तिथलं सांगतो.

तिथं छत्तीसगडची, बालाघाटकडची कुटुंबं येतात. दिवाळी झाली की येतात अन् पावसाच्या तोंडावर जातात. ठेकेदाराकडून उचल आधीच घेतलेली असते, लग्नाला, दुखण्याला, घराला. मजुरी हजार विटांच्या हिशोबानं, अन् ती नवरा-बायकोच्या जोडीला मिळते, बाईचं वेगळं नाव नसतं हिशोबात. बाई दवाखान्यात गेली की तिच्यासोबत नवरा जातो, म्हणजे जोडीचं काम बंद अन् उचल तशीच.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मी सकाळी पोचलो तर एका झोपडीपुढे चूल पेटवलेली, पाणी तापत होतं, मुलं म्हणाली सर आज आमच्याकडे बहीण झाली. झोपडी म्हणजे कच्च्या विटा रचलेल्या, वर टिन, कमरेत वाकून जावं लागतं. सिमेंटच्या पोत्याचं प्लास्टिक अंथरलं होतं खाली. बाईच्या उशाशी एक कापडाचं गाठोडं होतं, त्यात दोन धुतलेल्या जुन्या साड्या, पांढरा दोरा, अन् नवीन ब्लेडचा कागद. ब्लेड तिनं महिनाभर आधी बाजाराच्या दिवशी आणून ठेवलं होतं.

मी पण तोपर्यंत समज कमी, अडाणी वगैरेच म्हणायचो. ते ब्लेड बघितलं अन् तोंड बंद झालं माझं. तिला सगळं माहीत होतं. तिला हे पण माहीत होतं की आपल्याला कोणी नेणार नाही. तिच्याकडे गावचं कार्ड होतं, तिकडच्या मितानिननं केलेलं, आपल्याकडे आशा तशी तिकडे मितानिन, पहिल्या दोन तपासण्या त्यावर लिहिलेल्या. नंतर इथं आल्यावर कोरं. इथल्या आशाताईच्या यादीत ती नव्हती कारण भट्टी कोणत्या गावात मोडते यावरच गोंधळ. आम्ही १०२ ला फोन केला, गाडी आली पण भट्टीच्या आतपर्यंत रस्ता नाही, खाट उचलून बाहेर नेलं तिला. बाळ दोन किलोच्या आत होतं. जगलं.

एक काम मात्र सगळ्यांनी करण्यासारखं आहे. घरी जन्म झाला तरी जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा महानगरपालिकेत करता येते, अन् ती करून घ्या त्यांची. आम्ही शाळेत घ्यायला जातो तेव्हा अर्ध्या मुलांकडे काहीच कागद नसतो.


महालातली_आजी
सोमवार, संध्याकाळी ७.१५

नातवाकडून टाइप करून घेते आहे. माझी पाचही बाळंतपणं घरी झाली, महालातल्या वाड्यात, बाळंतिणीच्या खोलीत. सुईण यायची, तिला आम्ही मावशी म्हणत असू. पोटाला तेल लावायची, कंबर दाबायची, रात्रभर उशाशी बसून असायची, तिच्या हाताला काय ऊब होती. पाचातली चार जगली. जी गेली ती तिसऱ्या दिवशी आखडून गेली, निळी पडली होती. तेव्हा म्हणत सटवीनं नेलं. आता कळतं की तो धनुर्वात होता, नाळ कापायच्या विळ्याचा. पोटुशी असताना मला धनुर्वाताचं इंजेक्शन मिळालं असतं तर ती आज पन्नाशीची असती.

म्हणून मी कोणालाही घरी हो म्हणणार नाही. पण त्या सुईणीसारखं कोणी दवाखान्यात उशाशी बसत का नाही, हे मला माझ्या सुनेच्या वेळीही वाटलं अन् नातसुनेच्या वेळीही. तिथं सगळ्या मशिनी होत्या, कंबर दाबायला कोणी नव्हतं.


रामटेककर
सोमवार, रात्री ११.००

आजीचं वाचून डोळ्यात पाणी आलं.

आम्ही देवलापारकडच्या आतल्या गावचे. माझ्या वहिनीच्या वेळचं सांगतो, नागपूर जिल्ह्यातलंच आहे हे, कुठलं दूरचं नाही. श्रावणातली रात्र, कळा सुरू झाल्या साडेअकराला. १०८ ला फोन लावायला रेंज नाही, भाऊ टेकडीवर जाऊन फोन लावून आला. गाडी निघाली पण नाल्याला पाणी, पुलावरून वाहून राहिलं. गाडी त्या बाजूला, आम्ही या बाजूला. खाटेला दोन बांबू बांधले, चौघांनी खांद्यावर घेतली, पाणी उतरायची वाट पाहत दोन तास नाल्याच्या काठावर वहिनी छत्रीखाली. तिथंच झालं बाळ. पोरगी आहे, आता दुसरीत आहे.

ही आता सरकारच्या आकड्यात घरची डिलिव्हरी का दवाखान्याची? वहिनी तर जायलाच निघाली होती.

गडचिरोलीत, मेळघाटात माहेरघर केलंय सरकारनं, आरोग्य केंद्राजवळ खोली असते, तारखेच्या काही दिवस आधी येऊन राहायचं. कल्पना चांगली आहे, मनापासून सांगतो. पण आईला विचारलं मी, आपल्याकडे असं असतं तर वहिनी गेली असती का? आई म्हणे, धानाची रोवणी टाकून? म्हशीचं कोण पाहील, मोठ्या पोट्ट्याला कोण जेवू घालील? तारीख तरी कोणाला बरोबर माहीत असते. आठ दिवस म्हणून जाल अन् वीस दिवस बसाल.

अन् आमच्या गोंड बायकांचं अजून एक असतं. आमची आजी दोरीला धरून उकिडवी बसून बाळंत व्हायची, झाल्यावर गरम पाणी, शेक, धुरी. दवाखान्यात आडवं निजवतात, पाय वर बांधतात, बोलतात ती मराठी आजीला अर्धीच समजायची. तिला ते सगळं शिक्षा वाटायचं.


पीजी_तिसरं_वर्ष
मंगळवार, रात्री १.३०

मी गायनॅकमध्ये रेसिडेंट आहे, विदर्भातल्याच एका सरकारी कॉलेजात. वाचून वाईट वाटलं पण खोटं म्हणणार नाही.

फक्त आतून काय दिसतं ते सांगतो. मोठ्या हॉस्पिटलला भंडारा, गोंदिया, गडचिरोली, पलीकडे छिंदवाडा, बालाघाट इथून रेफर होऊन बायका येतात, बहुतेक रात्री, बहुतेक उशिरा. एकीला झटके येऊन राहिले, एकीचं बाळ आडवं, एकीची वार आधी सुटलेली. त्याच वेळी ज्यांची नॉर्मल होणार आहे त्या पण तिथंच, कारण जवळच्या केंद्रात रात्री कोणी नसतं म्हणून थेट इथं येतात. आम्ही दोन रेसिडेंट, सलग तीस तास जागे. कोणाशी नीट बोलायला तोंडच उरत नाही. याचा अर्थ हात उगारायचा असा होत नाही, तो गुन्हा आहे अन् त्याला गुन्हाच म्हटलं पाहिजे. आमच्या मॅडमनी एका सिस्टरला अन् एका ज्युनिअरला यावरून लेबर रूममधून बाहेर काढलेलं मी पाहिलंय.

सिझरच्या भीतीबद्दल कोणी लिहिलं नाही. ओपीडीत बायका पहिला प्रश्न हाच विचारतात, कापणार तर नाही ना. पोट चिरलं की दोन-तीन महिने डोक्यावर ओझं उचलता येणार नाही, विटा नाही, पाणी नाही, शेत नाही. तिच्यासाठी तो रोजीचा प्रश्न आहे. आपण तिला नीट समजावत नाही, कागदावर अंगठा घेतो.

संत्रागल्ली ताई, एक उपयोगाचं. २०१६ मध्ये केंद्र सरकारनं सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला मान्यता दिलीय. नियम असा की ती बाई असावी, स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा. सासू, आई, बहीण चालते. पुष्कळ ठिकाणी जागेचं कारण सांगून दारात थांबवतात, पण मागितलं तर मिळतं, आधीच जाऊन विचारून ठेवलं तर जास्त सोपं जातं.


जुनी_आशा
मंगळवार, दुपारी ३.२०

मी आशा आहे. बारा वर्षे झाली. माझ्या लिहिण्यात चुका असतील.

अजनी भाऊ तुम्ही पैशाचं म्हटलं. महाराष्ट्रात जननी सुरक्षाचे शहरात ६०० अन् खेड्यात ७०० रुपये, ते पण बीपीएल, अनुसूचित जाती-जमातीच्या बाईला. त्यासाठी तिचं बँक खातं लागते. खातं माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या नावाचं, त्यात सहा महिने जाते. मातृवंदनाचे पाच हजार पहिल्या पोरासाठी, त्याचं पण तेच. फुकट म्हणता तर नियमानं सगळं फुकटच आहे, २०११ पासून जननी शिशु सुरक्षा योजना आहे, औषध, रक्त, सिझर, जेवण, जाणं-येणं एक रुपया लागायला नको. पण सोबतच्या माणसाचं जेवण, ऑटो, बुडालेली रोजी हे कोण देते. बाई ते सगळं मोजते अन् मगच हो म्हणते.

आता जे कोणी उघड बोलत नाही ते सांगते. माझ्या एरियात घरी झाल्या त्यातल्या दोन पोरी अठराच्या आतल्या होत्या. लग्न झालेल्या. अठराच्या आतली पोरगी दवाखान्यात आली की पोक्सोमध्ये, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात, पोलिसांना कळवावंच लागते, डॉक्टरच्या हातात नाही ते. घरच्यांना माहीत आहे. पोराला आत टाकतील, बापाला टाकतील, म्हणून पोरीला कोंडून ठेवते. एकीच्या घरी मी तीनदा गेली तर मामाकडे गेली म्हणून सांगितलं, ती मागच्या खोलीतच होती, मला तिचा खोकला ऐकू आला. चौथ्या वेळी तिची आजी मला गल्लीच्या कोपऱ्यावर येऊन भेटली. मी तिला खोटं नाही बोलली. म्हटलं केस होईल, पण दवाखाना तिला परत नाही पाठवू शकत, अन् सतरा वर्षांच्या पोरीचं हाड अजून पुरं नसते, बाळ अडकलं तर तुम्ही काय कराल. ती आजीच घेऊन आली शेवटी.

दुसरी नाही आली. तिच्याबद्दल नाही लिहीत मी.


अजनी_एक्सप्रेस
मंगळवार, रात्री ८.०५

आशाताई, सिस्टर, सगळ्यांना. मी समज कमी म्हटलं ते मागे घेतो. आज बहिणीला फोन केला होता, म्हटलं तुझ्या वेळी तर सगळं व्यवस्थित झालं होतं ना. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, दादा तू बाहेर होतास. याच्यापुढे काही बोलली नाही अन् मी पण विचारू शकलो नाही.


नाईट_ड्युटी
मंगळवार, रात्री ९.३०

विचारा दादा. आज नाही तर राखीला आली की विचारा. बायकांना कोणी विचारतच नाही.

आकड्याचं कोणी म्हटलं होतं म्हणून लिहिते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ ला देशात शंभरातल्या ३८-३९ बाया दवाखान्यात बाळंत होत होत्या. २०१९-२१ ला ८८.६ टक्के. महाराष्ट्रात ९४.७. हे मोठं काम झालंय अन् आशाताईंनी पायी फिरून केलंय, मी त्यांना हात जोडते. राहिलेल्या पाच जणी कोण, ते या धाग्यात सगळं आलंच आहे. भट्टीवरची, नाल्यापलीकडची, कोंडलेली पोरगी, अन् एकदा येऊन गेलेली.


संत्रागल्ली
शनिवार, संध्याकाळी ६.००

सगळ्यांचं वाचून मग तिच्याशी बोलली. या वेळी मी खाली बसली तिच्यासोबत.

इंजेक्शनचं सांगितलं. ती म्हणे, पहिल्या वेळी दिलं होतं वाटते मांडीत, ते कशाचं होतं कोणी सांगितलंच नाही. मग सोबतिणीचं सांगितलं तर तिला खरं वाटेना. शेवटी गुरुवारी मी सुट्टी टाकली, तिला, तिच्या सासूला अन् तिच्या आशाताईला घेऊन गेली. पहिल्या वेळचा दवाखाना नाही, दुसरा. तिथल्या सिस्टरनं लेबर रूम दाराशी उभं राहून दाखवली. पडदे होते. तिनं एकच विचारलं, "माही सासू आत येईन का?" सिस्टर म्हणाली येऊ दे, फक्त चप्पल बाहेर काढायची अन् मधे बोलायचं नाही. सासू म्हणे मी काही बोलत नाही, मी फक्त कंबर धरीन. मला महालातल्या आजींची आठवण आली.

तिथंच रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ८.४ आलं, म्हणजे कमीच. आता आयर्नची इंजेक्शनं लावायची म्हणाले, एक झालं. प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला तपासणी असते तिथं, ती पण आता चुकवायची नाही असं ठरलं.

ती पूर्ण हो म्हणाली असं नाही. म्हणते, रात्री कळा आल्या तर पाहू. नवऱ्याची रात्रपाळी असते. दोन पोरांना कोण पाहील हा मोठा प्रश्न होता, तर मी म्हटलं माझ्याकडे आणून सोड कितीही वाजले तरी. वस्तीतल्या एका ऑटोवाल्या दादाशी बोलून ठेवलं, तो हो म्हणाला. त्याचा नंबर सासूनं घरच्या भिंतीवर कोळशानं मोठा लिहून घेतला, म्हणजे लाइट गेली तरी बॅटरीच्या उजेडात दिसेल.


नाईट_ड्युटी
शनिवार, रात्री ९.१५

खूप चांगलं केलं ताई. त्याच्या खाली १०२ पण लिहा, अन् अजून एका ऑटोवाल्याचा नंबर. हे दादा एखाद्या रात्री गावाला गेलेले असतात.